गव्हाणच्या आईंचं बियाणं

गव्हाणच्या आई सिनेमातल्या माणसांना सल्ले द्यायच्या आणि त्यांनी ऐकलं नाही की मनापासून रागवायच्या. "आमी सांगतंय, पन आयकतंय कोन," म्हणत पदर खोचून पुढे सरसावायच्या. सिनेमा कुठल्या भाषेतला आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

नव्या शहरासाठी सरकारने गावच्या जमिनी घेतल्यावर त्यांच्या मुलाने नवीन पनवेलला आमच्या शेजारचा ब्लॉक घेतला. शेवटची कापणी-मळणी उरकून आई तिथे आल्या, पण त्यांचा जीव काही रमेना. दुपारी आमच्याकडे येऊन बसायच्या. त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात.

एकदा बाबांनी गाजलेल्या कादंबरीवरच्या जुन्या इंग्रजी सिनेमाची कॅसेट आणली. जमिनीवरून हुसकलेलं शेतकरी कुटुंब खटारा ट्रकवर संसार लादून परमुलखात निघतं, अशी गोष्ट. मी कॉलेजात होते, त्यामुळे भाषांतर माझ्याकडे. आई ते ऐकतच नव्हत्या. ट्रकवर गाद्या चढल्या, भांडी चढली, ट्रक हलला, तशी त्यांनी विचारलं, "बियाना घेतला का नाय त्यांनी?"

मला तर दिसलं नव्हतं.

"पुन्यांदा लाव गो. गोनीत असंल."

मी कॅसेट मागे नेली. पुन्हा एकदा नेली. बाबा वैतागून उठून गेले. सिनेमातल्या त्या कुटुंबाच्या आईवर मात्र गव्हाणच्या आई जाम भडकल्या. "बाय एवरी शानी, नि बियाना इसरली. उद्या जमीन गावली तं पेरंल काय, दगड?" पुढच्या दुपारीही त्या तेवढाच भाग बघायला आल्या. मी हसून घेतलं.

संध्याकाळी त्यांची वाटी परत द्यायला गेले आणि हसू जिरलं. पलंगाखाली पेंढ्याने करकचून बांधलेली भाताची मुडी होती, खाऱ्या जमिनीतलं तांबडं बियाणं. शेत कागदावर गेलं होतं, पण त्यावर अजून मातीचा भराव पडला नव्हता. तोवर यंदा पेरता येईल, या आशेवर आई तग धरून होत्या. सुनेने सहज म्हटलं, "याचे तांदूळ काढू का?" तर आईंनी तिच्याशी अबोला धरला.

मृगाच्या तोंडावर मुलगा गव्हाणला जाऊन आला. शेतावर भराव पडला होता. बांध कुठे होता तेही त्याला ओळखता आलं नाही. आईंनी ऐकून घेतलं आणि भांडी घासायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुडी सोडली, भात गिरणीवर पाठवला आणि पिठाच्या भाकऱ्या थापून बिल्डिंगमध्ये दारोदार वाटल्या. आमच्या दारात आल्या तेव्हा भाकरी गरम होती, तांबूस, मऊसूत. मी उभ्या उभ्याच तुकडा मोडला.

"तुम्ही खाल्लीत का, आई?"

"बियाना कोन खातं गो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.