उमाकांत गलगलींचा ग्राइंडर

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत पितळी बुश, म्हणजे यंत्रांत बसणाऱ्या छोट्या नळ्या, बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात उमाकांत गलगली विभागप्रमुख आहेत. म्हणजे त्यांना केबिन आहे आणि त्यांचं कुणी ऐकत नाही. तरी ज्याच्या डोक्यात भन्नाट काही येतं तो थेट त्यांच्याकडेच जातो. कारण कुणाचा प्रयोग फसला, की हे गलगली अण्णा स्वतः जाऊन सगळ्यांना कांद्याचे खुसखुशीत मद्दूरवडे आणतात. जमला तर नुसती कॉफी. त्यामुळे तिथे फसायची भीती कुणालाच नाही, पोटं मात्र सगळ्यांची सुटली आहेत.

नागपूरहून आलेली शमिका तिथे कच्च्या नोकरीवर होती. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे धारवाडकडचे मालक भीमाचार्य शुक्रवारी ठरवणार होते. आणि ही बया गुरुवारी म्हणते, "सर, पितळी बुशांच्या धारदार कडा हाताने घासण्यात दिवस जातो. डोशाच्या ग्राइंडरमधले दगड काढून त्यात बुश आणि चिंचोके फिरवले तर?"

दुसऱ्या कुणी तिला डॉक्टर सुचवला असता. अण्णा शुक्रवारी सकाळी घरचा ग्राइंडर स्कूटरवर बांधू लागले.

"अहो, इडलीचं पीठ?" त्यांच्या पत्नी हेमलताबाई ओरडल्या.

"स्वल्प थांब गं, शास्त्र चाललंय!"

प्रयोग बुडवला तो अण्णांनीच. पितळ म्हटल्यावर घरातली भांडी चिंचेने घासायची सवय उफाळून आली, आणि त्यांनी चिंचोक्यांवर मूठभर ओली चिंचही टाकली. बुश चिकट कढणात रुतून बसले. शमिका रडवेली झाली. तेवढ्यात भीमाचार्य दारात.

"काय शिजतंय?"

"प्रयोग आहे, आचार्य. कल्पना हिची. चिंच माझी."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर फसलं. हिला तासभर द्या, आणि मला जागेवरून हलू देऊ नका."

मालक स्टुलावर बसले. शमिकाने भांडं धुतलं, बुश पुसले, कोरडे चिंचोके भरले आणि बटण दाबलं. तासभर कुणाला कुणाचं ऐकू आलं नाही. मग भीमाचार्यांनी एक बुश उचलून कडेवरून अंगठा फिरवला. दुसरा उचलला. तिसरा तर चष्म्याला लावला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "पोरगी राहील. उद्या मोठं यंत्र बघा."

अण्णा आनंदाने ग्राइंडरकडे धावले.

"सर," शमिका आडवी आली, "बुशांच्या अजून चार टोपल्या उरल्यात. तुम्ही तेवढे लांब उभे राहा."