पाहुण्याचं वजन

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, एकतीस वर्षं अग्निशमन दलात शिडीच्या गाडीवर होते. त्यांच्याकडे बघून हे कुणाला खरं वाटायचं नाही. उंची बेताची, पोट किंचित सुटलेलं, दंड मुद्दाम दाखवावेत असे नाहीत. ताईसाठी त्यांचं स्थळ आलं तेव्हा मला ते टपाल खात्यातले वाटले होते. मी चष्म्याच्या दुकानात बसतो, लोकांचे नंबर तपासतो आणि आपली नजर फार तयार आहे असं समजतो. हा गैरसमज जुना आहे.

तंदुरुस्तीबद्दलही माझं एक ठाम मत होतं. आरशासमोर छाती फुगवून उभे राहणारे लोक म्हणजे तंदुरुस्त, आणि ते आपलं काम नव्हे. भावोजींना मी एकदा विचारलं होतं, "तुम्ही व्यायाम तरी किती करता?"

"कामापुरता," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

ते काम काय, हे दरवर्षी चाचणीच्या दिवशी कळायचं. केंद्राच्या आवारात सरावासाठी एक उंच, रिकामा मनोरा आहे. पूर्ण पोशाखात खालून पळत निघायचं, तिसऱ्या मजल्यावर जायचं, तिथे पडलेला जाड कापडाचा, वाळूने भरलेला पुतळा खांद्यावर घ्यायचा आणि खाली आणून पांढऱ्या रेघेपलीकडे ठेवायचा. पुतळा ऐंशी किलोचा, वेळ तीन मिनिटं. जमलं तर शिडीवर, नाही जमलं तर टेलिफोनवर किंवा नव्या पोरांना शिकवायला. सगळे त्या पुतळ्याला पाहुणा म्हणत. पाहुणा फाटला की शिवायचं काम भावोजींचं, कारण त्यांचे वडील शिंपी होते. मेणाचा दुहेरी दोरा आणि बारीक तिरपा टाका. तसा टाका केंद्रात दुसऱ्या कुणाला जमत नसे.

भावोजींच्या चोपन्नाव्या वर्षी हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. पंधरा दिवसांनी ते उठले, पण पूर्वीचा दम काही उठला नाही. बाजारातून पिशव्या घेऊन आले की दारातच थांबून चपलांचे बंद उगाच नीट करायचे. ताईच्या ते लक्षात आलं होतं. ती पिशव्या हलक्या भरायला लागली होती.

चाचणीच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेलो. भावोजी वर गेले, पाहुण्याला घेऊन खाली आले आणि रेघ ओलांडली. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद. मागच्या वर्षीपेक्षाही कमी. टाळ्या पडल्या, मीसुद्धा हात लाल होईपर्यंत वाजवल्या. भावोजी मात्र पाहुण्याशेजारी उकिडवे बसले होते आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवत होते.

"साहेब, काटा आणायला सांगा," ते वेळ नोंदवणाऱ्या केंद्रप्रमुखांना म्हणाले.

पाहुणा अडुसष्ट किलो भरला. सोबत्यांनी आदल्या दिवशी पाठ उसवून बारा किलो वाळू काढली होती. जीव लावणाऱ्या माणसांनी केलेला तो गाढवपणा होता. ज्याने तो पुतळा पंधरा वर्षं शिवला त्याच्यापासून लपवायचं, आणि शिवण घालायची पांढऱ्या एकेरी दोऱ्याने.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "वेळ लिहून झाली आहे. जाऊ द्या आता."

"आगीत अडकलेल्या माणसातली वाळू कोण काढणार, साहेब?"

साहेबांनी वही पुन्हा उघडली. वेळ खोडली गेली आणि चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी ठरली. ती शेवटची संधी. सोबत्यांना भावोजी रागावले नाहीत. चहा घेताना एवढंच म्हणाले, "टाका तरी धड घालायचा." ती माणसं खाली माना घालून चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते माझ्या दारात हजर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, जिना मनोऱ्याइतकाच अरुंद आहे आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो.

"तुझं वजन किती रे?"

"ब्याऐंशी," मी जांभई देत म्हणालो. काय मागताहेत ते तोवर कळलं नव्हतं.

अशा रीतीने मी धाकटा पाहुणा झालो. स्टॉपवॉच माझ्या हातात. खालून "चालू" अशी हाक आली की मी बटण दाबायचं आणि दारासमोर आडवं पडायचं. भावोजी धापा टाकत येणार, मला पोत्यासारखं खांद्यावर टाकणार आणि उतरायला लागणार. डोकं खाली लोंबकळत असताना मला फक्त पायऱ्यांच्या कडा दिसायच्या आणि त्यांचा श्वास ऐकू यायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिल्या दिवशी दार उघडून विचारलं, "काय झालं यांना?"

"काही नाही, बाई. जेवण जास्त झालंय," भावोजी न थांबता म्हणाले.

गंमत अशी की खाली आल्यावर मला पुन्हा वर चढावं लागे, स्वतःच्या पायांनी. रोज तीन खेपा. पहिल्या आठवड्यात माझे गुडघे मला आई-आजीची आठवण करून देत होते. तिसऱ्या आठवड्यात पँट कमरेवरून घसरायला लागली. भावोजींनी मला काट्यावर उभं केलं तर अठ्ठ्याहत्तर. ते वैतागले. "तू हडकुळा होऊन चालणार नाही," म्हणाले, आणि माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत मिठाचा एकेक पुडा घातला.

आता माझ्या करणीकडे येतो. पहिल्या आठवड्यात वेळ तीन मिनिटं चौदा सेकंदांवरून तीन-सातपर्यंत उतरली आणि तिथे अडकली. आठव्या दिवशी भावोजी खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसले ते बसलेच. चेहरा राखाडी पडलेला, तळहात छातीवर. ताई त्या दिवशी बरोबर आली होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, पण पुढे करायला तिचा हात उठेना.

"किती?" भावोजींनी विचारलं.

घड्याळात तीन-सात होते. मी म्हणालो, "दोन-अठ्ठावन्न."

त्यांच्या तोंडावर रंग परत आला. ताईने तांब्या पुढे केला. इतकं सोपं होतं ते. मग रोजच ते आकडे माझ्या तोंडून यायला लागले, कधी दोन-अठ्ठावन्न, कधी दोन-सत्तावन्न. मी लगेच बटण दाबून शून्य करत असे, पण त्याची गरज नव्हती. दिवसभर लोकांना आकडे वाचायला लावणाऱ्या माणसाच्या हातातलं घड्याळ भावोजींनी एकदाही मागून पाहिलं नाही.

चाचणीला चार दिवस उरले तेव्हा ते ताईला म्हणाले, "आता नवीन काही करायचं नाही. आहे तेवढं राखायचं." संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून बूट पुसत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"खरे किती?"

"तीन-सात."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यानंतर तेच आहेत."

त्यांनी दुसरा बूट उचलला आणि तोही पुसून पूर्ण केला. "त्यांनी वाळू काढली, तू सेकंद काढलेस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "सात कमी पडताहेत हे माहीत असतं तर मी शोधले असते ना रे कुठे जाताहेत ते."

आणि चार दिवसांत त्यांनी शोधायला घेतलं. प्रत्येक वळणावर ते दोन पावलं घेत होते, त्याचं एक केलं. मला उचलण्याआधी श्वास घ्यायला थांबायचे, तो शेवटच्या पायऱ्या चढतानाच घ्यायला लागले. मला उजव्याऐवजी डाव्या खांद्यावर टाकून कठडा धरायला हात मोकळा केला. तीन-सहा. तीन-पाच. तीन-चार. मी एकेक आकडा खरा सांगत होतो.

चाचणीला पाहुणा सगळ्यांसमोर काट्यावर चढला. बरोबर ऐंशी. भावोजी वर गेले. ते उतरताना मला मनोऱ्याच्या खिडक्यांतून एकेका मजल्यावर त्यांचं शिरस्त्राण दिसत होतं. रेघ ओलांडून त्यांनी पाहुण्याला अलगद ठेवलं, टाकलं नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग भावोजींकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"किती आहेत ते लिहा, साहेब," भावोजी म्हणाले.

साहेबांनी लिहिलं, तीन मिनिटं तीन सेकंद.

चार दिवसांत ज्या माणसाने चार सेकंद काढले, त्याला आणखी तीन काढायला किती दिवस लागले असते? मी त्यांचे सोळा दिवस खाल्ले होते. हा हिशोब मी अजूनही करतो आणि लाज वाटते. त्यांनी तो एकदाही बोलून दाखवला नाही, ताईलाही सांगितला नाही.

आता भावोजी सरावाच्या आवारात शिकवतात. पाहुणा त्यांच्याच ताब्यात आहे आणि चाचणीच्या सकाळी काटा तेच आणतात. शिडीच्या गाडीवर त्यांच्या जागी दुसरा माणूस बसतो. गाडी घंटा वाजवत बाहेर पडते तेव्हा भावोजी बोलता बोलता थांबतात आणि ती फाटकाबाहेर गेली की पुढे बोलायला लागतात.

चाचणीनंतरच्या रविवारी मी सकाळी सहाला झोपलो होतो. दार वाजलं. भावोजी उभे होते, खिशात मिठाचे दोन पुडे.

"आता कशाला, भावोजी?" मी विचारलं. "चाचणी तर संपली."

"चाचणी संपली. जिना आहे, तुझी ताई आहे, तू आहेस. कुणाला तरी कधीतरी खाली आणावं लागेलच की."

मग त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि दुसरा काही विचार न करता माझ्याच हातात दिलं.