लेबल काढून चकली

माझ्या धाकट्या जावेनं शाळेतली नोकरी सोडून घरी दिवाळीचा फराळ करून विकायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "फराळ का विकत घ्यायची गोष्ट हाय वं? एवढी दिवाळी पाहते. नाही खपला, तर धंदा बंद अन् तू परत शाळेत." जावेला त्या शाळेत मेली तरी जायचं नव्हतं. तिथली पोरं तिच्या स्वप्नात येऊन पाढे चुकायची.

मार्केटिंग माझ्याकडे आलं, कारण हळदीकुंकवाचं आमंत्रण मी एकदा फोनवर रंगीत करून पाठवलं होतं. एवढ्या पुण्याईवर मी धरमपेठेतून लेबलं छापून आणली. सोनेरी अक्षरं, दोन पणत्या, मधोमध जावेचा फोटो. फोटोत तिनं चकली अशी धरली होती, जणू आत्ता कोणी हिसकावणार आहे. मला तो फार आवडला. तिला अजिबात नाही.

मग मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघर लेबल लावून नमुन्याचे डबे दिले. आता माझ्यासारख्या शहाणीला एवढं कळू नये, की आलेला डबा आपल्याकडे कोणी रिकामा परत करत नाही? दोन दिवसांत सगळे डबे भरून परत आले. कोणाचा चिवडा, कोणाचे शंकरपाळे. ज्यांच्याकडे अजून काही झालं नव्हतं, त्यांनी साखर घातली. ऑर्डर मात्र एक नाही!

सासूबाई डबे बघून म्हणाल्या, "तुम्ही विकून राहिल्या का गोळा करून राहिल्या?"

जाऊ स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला इतका राग आला, की मी कोणाचे तरी शंकरपाळे एकटीनं संपवले.

संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्यावर समोरच्या फ्लॅटमधली आली. पदराखाली तिचाच स्टीलचा डबा. "चकली तुमचीच पाहिजे, पण यात भरून द्या. अन् ते लेबल नको बाई. माझ्या सासूबाई येऊन राहिल्या. त्यांले विकतची सांगू काय?"

"मग काय सांगाल?" जावेनं विचारलं.

"मी केली म्हणीन!"

अस्सं! मी लगेच बिल्डिंगमधल्या बायकांना मेसेज टाकला: "डबा तुमचा, चकली आमची, लेबल नाही, तोंड बंद." 'तोंड बंद' काढ म्हणून जाऊ मागे लागली. मी काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंच्या दुपारच्या झोपेत बायका जिन्यानं यायला लागल्या, डबे कोथिंबिरीखाली लपवून. जाऊ तळतच होती. विकायच्या फराळाला सासूबाई तोंड लावत नसत, नुसतं विचारत, "कोणाच्या ऑर्डरी?" जाऊ म्हणे, "सांगता येत नाही."

"सांगता येत नाही, म्हंजे नाहीच आल्या," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाली का शाळेत फोन लाव."

पाडव्याला समोरच्या घरी आम्ही तिघी फराळाला गेलो. ताटलीत चकली आली. जावेनं ती एका नजरेत ओळखली आणि खाली बघितलं. मी पंख्याकडे बघत बसले. सासूबाईंनी तुकडा मोडला, डोळे मिटले.

"तू केली का वं?"

"हो ना काकू," समोरची म्हणाली. शेजारीच तिच्या सासूबाई कौतुकानं फुलून बसल्या होत्या. बिचारी दुसरं काय बोलणार?

आमच्या सासूबाईंनी दुसरी घेतली, मग तिसरी. मग जावेकडे वळल्या. "पाह्य. याले म्हंतात चकली. अशी जमली असती तुले, तर मी एका शब्दानं अडवलं नसतं."

समोरचीला ठसका लागला. जावेच्या कानांपर्यंत लाली चढली. मला वाटलं, आता ही सगळं ओकणार. पण ती अगदी गरीब आवाजात म्हणाली, "शिकते ना आई. यांच्याकडेच शिकते. पण शाळा करून कशी जमणार?"

सासूबाईंनी चौथी चकली उचलली. "शाळा-बिळा राहू दे," त्या म्हणाल्या. "वर्षभर हिच्या हाताखाली शिक."