आईचा आवाज परत आणणारी
आई सटाण्याची. लग्नाची अहिराणी गाणी तिला तोंडपाठ. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज पार बसणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी रोज दुपारी तिच्याजवळ बसून ती गाणी छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केली. लॅपटॉपवर ठेवली, शिवाय हार्ड डिस्कवर बॅकअप. धाकट्या बहिणीला तेव्हा नाशिकमध्येच, सिडकोत राहत असूनही यायला सवड नव्हती.

माझ्या लेकीच्या हळदीला आजीचीच गाणी लावायची ठरली. लावायला गेले, तर एकही उघडेना. लॅपटॉपवरच्या फायली कधीतरी खराब झाल्या होत्या आणि बॅकअपने इमानेइतबारे त्या खराब फायलीच चांगल्यांवर उतरवून घेतल्या होत्या. मी रडायलाच बसले.

बहीण सिडकोतून आली. तिचं कामच ते, हरवलेला डेटा परत काढायचं.

"रेकॉर्डरचं कार्ड कुठंय?"

"ते मी पुसून ठेवलंय गं."

"त्यावर परत काही भरलंस?"

"नाही."

"मग आहेत गाणी. पुसलं म्हणजे लगेच जात नाही. आता फक्त हात लावू नकोस."

तिने आधी कार्डची जशीच्या तशी प्रत काढली, मग त्या प्रतीवर काम केलं. संध्याकाळी आईचा जुना, खणखणीत आवाज घरभर घुमला. दोन गाणी अर्धवटच मिळाली, बाकी सगळी आली. आईने बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मनी पोर हुशार शे." माझी पोर हुशार आहे.

आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू? पण पोटात जळलंही. त्या सगळ्या दुपारी माझ्या होत्या. आईला पाणी देत, थांबवत, पुन्हा गायला लावत मी बसले होते. हळदीत जो तो बहिणीलाच विचारत होता, "कसं काढलंस गं?"

लग्न उरकल्यावर मी तिच्याकडे गेले. "मला शिकव," म्हटलं. तिला वाटलं, मी धडा घेतला. खरं तर मला तिची बरोबरी करायची होती. तिने मात्र मनापासून शिकवलं, त्याचाही मला रागच आला.

पुढे शेजारणीच्या पेनड्राइव्हमधून तिच्या नातवाच्या बारशाचे फोटो मी परत काढले. बॅकअप तिच्याकडेही होता, पण बारशाच्या आधीचा. घरी येऊन पहिल्यांदा आईला सांगितलं.

"तुले बी येस?" आईने कौतुकाने विचारलं, तुलाही येतं का म्हणून.

त्यातला 'बी' मला अजून टोचतो.