चांगला बाजाराला, डागी घराला

चार घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशीला रविवारच्या शेतकरी बाजारात ओळखत नाही असं कुणी नव्हतं. शाळेच्या मैदानावर भरायचा तो बाजार. गिऱ्हाईक कसलं म्हणाल, तर एका हातात कुत्र्याचा पट्टा, दुसऱ्या हातात कॉफीचा पेला. घासाघीस करायची सोय नाही, केली तर आजूबाजूचे वळून बघणार. त्या गर्दीत, चारांतल्या एका घरच्या डॉक्टरीणबाईंची जाड कापडी पिशवी खांद्याला अडकवून मावशी शिरायची. खरबूज उचलायची, देठाशी हुंगायची आणि निकाल द्यायची, "हे आज कापा, ते परवा." चांगल्या शिकल्यासवरल्या बाया आपापली खरबुजं घेऊन तिच्यापुढे उभ्या राहायच्या. "मावशी, माझंही बघा ना!"

आता गंमत बघा. दहा वर्षं जिथे तिचा शब्द चालला, तिथली साधी मिरचीसुद्धा तिच्या स्वतःच्या घरी कधी गेली नव्हती. तिची भाजी पुलाखालच्या हातगाडीवरची, दिवसभर ऊन खाऊन माना टाकलेली. मावशीला त्याचं काही वाटायचं नाही. "ज्याचं त्याचं दुकान वेगळं," म्हणायची आणि मोकळी व्हायची.

पण या महिन्यात अप्पांनी अन्न टाकलं. अप्पा म्हणजे तिचे वडील. उभा जन्म टोमॅटो पिकवण्यात गेला, आता लेकीच्या एका खोलीच्या घरात खाटेवर पडून. ताट पुढे केलं की तोंड फिरवायचे. "टोमॅटो आहे का रबर गं हे? वास तरी येतोय का?" दवाखान्यात सांगितलं होतं, औषध राहू दे, आधी पोटात चार घास जाऊ देत. आणि घास तर जात नव्हते. म्हातारा डोळ्यांदेखत खंगत चालला होता. मावशीच्या जिवाला घोर लागला.

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाई परगावी होत्या. मावशी तरीही बाजारात गेली, घरची पिशवी घेऊन. नेहमीच्या वाटेवरून चालताना आज उगीचच चोरट्यासारखं वाटत होतं. टोमॅटोवाल्या दाढीवाल्या शेतकऱ्यानं तिला बघितलं आणि सवयीनं भरायला घेतलं. "बाईंचं नेहमीचं ना?"

"बाईंचं नाही हो. माझं. माझ्या वडिलांना हवेत."

माणूस भला. लगेच वाकला आणि टेबलाखालचं खोकं ओढलं. "मग हे न्या मावशी. जरा डागी आहेत, पण चव तीच. पैसे राहू द्यात."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं. डागी! अख्खं लहानपण तिनं हेच ऐकलेलं. अप्पांच्या शेतावर नियमच होता, चांगला माल बाजाराला, डागी घराला. तडकलेला, कीड लागलेला टोमॅटो घरी यायचा, खराब भाग कापून टाकायचा, उरलेला खायचा. लालबुंद, गोटीबंद टोमॅटो तिनं हजारांनी खुडले असतील, पण तोंडात एकही गेला नव्हता.

"नको दादा. वरचे द्या, बाईंना देता तेच. आणि पैसे पुरते घ्या."

आवाज जरा चढलाच. मागची कुत्रेवाली बाई बघायला लागली. बघू दे! मावशीनं एकेक टोमॅटो स्वतः निवडला. बाईंसाठी निवडायची तसाच, पण अंमळ जास्त वेळ लावून.

घरी येऊन तिनं त्यातला एक धुतला आणि अप्पांच्या तळहातावर ठेवला. अप्पांनी तो देठाशी हुंगला, अगदी मावशी हुंगते तसा. डोळे मिटले, पुन्हा हुंगला. "हां! हा खरा!" किती दिवसांनी चेहऱ्यावर जरा हुशारी आली. मावशी बघतच राहिली.

मग अप्पा कोपरावर रेटून कसेबसे उठले, तो टोमॅटो अलगद खिडकीत ठेवला आणि रिकामा हात तिच्यापुढे केला.

"हा बाजारात जायचा. मला एखादा डागी दे."

हसावं की रडावं, मावशीला कळेना. तिनं तोच टोमॅटो उचलला, चार फोडी केल्या, मीठ भुरभुरवलं आणि एक फोड त्यांच्या ओठांशी धरली.

"अप्पा, बाजारात जाऊनच आलाय तो. आपल्याकडे आलाय. खा."

अप्पांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.