चार नंबरचा डबा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो. चोऱ्या, मारामाऱ्या, दारूचे धिंगाणे, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. तुपाचा एक रिकामा डबा मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यावर काळ्या मार्करने '४' असा आकडा काढलेला होता. त्या डब्यापायी मी माझ्या सार्जंटशी भांडलो, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मी ऐंशीच्या दशकात नागपूरहून ऑस्ट्रेलियात आलो. आधी मोटारींच्या कारखान्यात होतो, पस्तिशीत पोलिसात भरती झालो. हे प्रकरण घडलं तेव्हा मेलबर्नच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या एका ठाण्यात होतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची लाट आली होती ते दिवस. दुकानांच्या माडीवर कॉलेजं निघाली होती. कोणी स्वयंपाकाचा कोर्स करायचं, कोणी मोटार मेकॅनिकचा, आणि सगळ्यांचं लक्ष पीआरकडे, म्हणजे इथल्या कायमच्या वास्तव्याच्या परवान्याकडे. एका खोलीत सहा सहा जण झोपायचे. आमच्यासारखे आधी येऊन बस्तान बसवलेले लोक या पोरांकडे जरा नाक मुरडूनच बघायचे. मीही त्यातलाच होतो, हे आधीच सांगून टाकतो.

ठाण्याच्या हद्दीत खोदलेले कालवे होते. दोन्ही काठांना बंगले, प्रत्येकाच्या मागे स्वतःची लाकडी जेटी, जेटीला बोट. एका कालव्याच्या टोकाला काही जुन्या बोटी बांधलेल्या असत. एक दिवस सकाळी ड्युटीवर आलो तर सार्जंटने कागद पुढे सरकवला. खबर होती. कालव्यात तीन दिवसांपासून काळ्या तेलाचा तवंग येतोय, टोकाच्या जुन्या बोटीवर भारतीय विद्यार्थी राहतात, तेच इंजिनाचं तेल पाण्यात ओततात. खबर देणाऱ्याने स्वतःचं नाव दिलं होतं, पण ते बाहेर फुटू नये अशी अट घातली होती. तशी अट आम्ही पाळतो.

खरं तर हे पर्यावरण खात्याचं काम. पण पहिला फोन आमच्याकडे आला होता, आणि सार्जंट म्हणाला, "तुझीच माणसं आहेत. तूच जा."

बोटीवर विद्यार्थी नव्हते, एकच विद्यार्थिनी होती. तेवीस-चोवीस वर्षांची, मराठवाड्यातली, मोटार मेकॅनिकचा कोर्स करणारी. बोटीचा मालक वर्षभर उत्तरेकडे कामाला गेला होता. इंजिन चालू स्थितीत ठेवायचं, बदल्यात बोटीवर राहायचं, असं त्यांचं ठरलेलं. माझ्या छातीवरच्या पाटीवरचं आडनाव वाचून तिचा चेहरा खुलला. ती म्हणाली, "जयभीम, साहेब."

मी म्हणालो, "गुड मॉर्निंग."

का तसं म्हणालो ते मला तेव्हाही कळत होतं. वर्दीत होतो, संशयितासमोर होतो, ही कारणं झाली. खरं कारण असं, की मला तिच्याशी नातं नको होतं.

बोटीची झडती तिने आपणहून घेऊ दिली. झोपायच्या फळीखाली तुपाचे डबे ओळीने लावलेले होते. झाकणं घट्ट, कुठे ओघळ नाही, प्रत्येकावर आकडा. एक उघडला. आत जळकं ऑइल.

"हे काय आहे?"

"जळकं ऑइल आहे. बॅटरी चार्ज करायला रोज दोन तास इंजिन चालवावं लागतं, मग दर दीड-दोन महिन्यांनी ऑइल बदलते. मी शनिवार-रविवार रात्री रेस्टॉरंटमध्ये शिफ्ट करते, तिथून रिकामे डबे आणते."

"साठवून कशाला ठेवलंय?"

"टाकायचं कसं, साहेब? माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. तिकडे जळक्या ऑइलला लोक टपलेले असतात. सेंट्रिंगवाले प्लेटांना लावायला नेतात, शेतकरी वाळवी लागू नये म्हणून मेढींना फासतात. इथे कोणालाच नको. कौन्सिलच्या कचरा डेपोत फुकट घेतात म्हणे, पण माझ्याकडे गाडी नाही. एकदा डबा घेऊन बसमध्ये चढले, तर ड्रायव्हरने उतरवलं."

मी डबे मोजले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. चार नंबर नव्हता.

"चौथा कुठाय?"

तिने उघडलेल्या डब्याचं झाकण परत दाबून बसवलं. मग म्हणाली, "दिला एकाला."

"कोणाला?"

"ते नाही सांगणार. पण पाण्यात मी थेंबही टाकलेला नाही."

आता माझा पारा चढला. साडेतीन-चार लिटर तेल गायब, कालव्यात तवंग, आणि ही म्हणते सांगणार नाही. मी मराठीत तिला चांगलंच झापलं. तुमच्यासारख्यांमुळे इथे आमची मान खाली जाते, असंही म्हणालो.

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "साहेब, तुमची मान मी खाली घातलेली नाही. ती तुम्ही स्वतःच घातलीये."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला बऱ्याच गुन्हेगारांनी शिव्या दिल्या. त्यातली एकही इतकी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला ठाण्यावर बोलावलं. इथल्या पद्धतीप्रमाणे हक्क वाचून दाखवले, दुभाषी हवा का विचारलं, टेप चालू केला. दुभाषी तिने नाकारला. सार्जंट प्रश्न विचारत होता, मी बाजूला होतो. तासभर तेच ते चाललं. तेल तुझं का? माझं. एक डबा कमी का? दिला. कोणाला? सांगणार नाही. सार्जंटने तिला बजावलं, की कोर्टात दोषी ठरलीस तर पोलिसांचा दाखला खराब होईल, मग पीआर विसर. कोर्स संपायला दोन महिने राहिले होते.

"नाव सांगून सुटायचं असेल तर मला नाही सुटायचं," ती म्हणाली. टेपवर आहे ते वाक्य.

नोकरीत एक गोष्ट मी नेहमी पाहिली. खोटं बोलणारा माणूस बोलत राहतो. त्याला प्रश्नाआधी उत्तर द्यायची घाई असते. एवढा तोटा समोर दिसत असताना जो एकाच प्रश्नावर गप्प बसतो, तो बहुतेक कोणाला तरी पाठीशी घालत असतो. सार्जंटला मात्र तिचं गप्प बसणं म्हणजे कबुलीच वाटलं.

टेप बंद झाल्यावर केसबद्दल बोलायचं नसतं. मी विचारलं नाही. दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा तीच मराठीत म्हणाली, "वर्षभर ज्यांच्या नळाचं पाणी प्यायले, त्यांना मी पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावू? माझ्या आईने मला तसं वाढवलेलं नाही." आणि निघून गेली. मी आत येऊन ते जसंच्या तसं नोंदवहीत लिहिलं.

पुढचं काम खबर देणाऱ्याचा सविस्तर जबाब घेण्याचं होतं. सकाळी त्याच्या घरी गेलो. कालव्याच्या टोकाचाच बंगला, तिच्या बोटीला लागून. सत्तरीचा गोरा म्हातारा, बायको वारलेली, बोलायला गोड. चहा दिला. तिन्ही दिवस तवंग कधी दिसला, किती वाजता दिसला, सगळं त्याने टिपून ठेवलेलं होतं. बोलत बोलत आम्ही मागच्या अंगणात आलो, आणि माझे पाय थांबले. भिंतीजवळ नळ होता. नळाखाली वीस लिटरचा निळा पाण्याचा कॅन. कॅनच्या मुठीला लाल ओढणीची चिंधी गुंडाळलेली.

"हा कॅन कोणाचा?"

"बोटीवरच्या मुलीचा. तिच्याकडे नळ नाही ना. रोज सकाळी भरून नेते. चांगली आहे मुलगी, पण तेलाचं मात्र तिने वाईट केलं."

ती ज्याच्यासाठी गप्प बसली होती, त्यानेच तिची खबर दिली होती. तिला हे ठाऊक नव्हतं, आणि मला सांगायची परवानगी नव्हती.

"तुमची शेड बघू शकतो?"

"जरूर, मित्रा."

शेडमधल्या फळीवर, रंगाच्या डब्यांमध्ये, हरवलेला डबा होता. तुपाचा डबा, वर '४'. तळाला बोटभर काळं तेल, शेजारी तेलाने माखलेला चार इंची ब्रश.

म्हातारा जराही गडबडला नाही. "हा तिनेच दिला. माझ्या जेटीच्या खांबांना कीड लागली होती. ती म्हणाली, आमच्याकडे जुनं तेल फासतात, लाकूड टिकतं. चांगली युक्ती आहे. गेल्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी सगळे खांब रंगवले, पार खालपर्यंत."

"मग भरती आली."

"हो, भरती तर येणारच."

त्याच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मी त्याला जेटीवर घेऊन गेलो. भरती हातभर चढली होती. प्रत्येक खांबाभोवती रंगीबेरंगी कडं, आणि तिथून तवंग हळूहळू तिच्या बोटीकडे सरकत होता. मी रुमाल काढून खांबाला घासला. काळाकुट्ट झाला. त्याने टिपलेल्या वेळा आणि भरतीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं. मिनिटांचाच फरक होता.

तो खाली बसला. "मी पाण्यात काहीच ओतलं नाही," तो म्हणाला. "मी लाकडाला रंग दिला."

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला जास्त लागलं. त्याने काळं पाणी पाहिलं, शेजारी परदेशी मुलगी पाहिली, आणि फोन उचलला. स्वतःच्या हातातला ब्रश त्याला आठवलाच नाही. आणि मी तरी काय केलं होतं? तिची बाजू ऐकायच्या आधीच माझा निकाल लागलेला होता.

ठाण्यावर आलो तर सार्जंट म्हणाला, "तेल तिचं, सल्ला तिचा. तिच्यावर खटला. म्हाताऱ्याला समजपत्र पाठव, लेखी ताकीद पुरे, बिचाऱ्याला काय माहीत."

"आणि तिला माहीत होतं? ब्रश त्याच्या हातात होता. तेल कोणाचं होतं हा प्रश्नच नाही, पाण्यापर्यंत कोणी नेलं हा आहे. खटला भरायचा तर त्याच्यावर भरा. समजपत्र द्यायचं तर दोघांना द्या. तिच्या एकटीच्या आरोपपत्रावर माझी सही मिळणार नाही."

"तुझ्या लोकांतली आहे म्हणून?"

संपूर्ण ठाणं ऐकत होतं. मी म्हणालो, "हो, माझ्या लोकांतली आहे. म्हणूनच पहिल्या दिवशी मी तिच्यावर तुमच्यापेक्षा जास्त संशय घेतला. अहवालात तेही लिहितो. वाचायला देऊ वरच्यांना?"

अहवाल मी लिहिला, रुमालासकट पुरावा जोडला, आणि रीतसर वर पाठवला. आठवड्याने निर्णय आला. दोघांनाही समजपत्र, खटला कोणावरच नाही, जेटीचे खांब म्हाताऱ्याने स्वतः माणूस लावून साफ करून घ्यावेत. त्या वर्षी माझं प्रमोशन झालं नाही. मी कारण विचारायला गेलो नाही, आणि कोणाकडे रडलोही नाही. घरी बायको म्हणाली, "कशाला नसती उठाठेव केलीत?" मी म्हणालो, "नसती नव्हती."

खबर देणाऱ्याचं नाव मी तिला कधीच सांगितलं नाही. म्हाताऱ्याला मात्र जाऊन एवढंच म्हणालो, की ती तासभर ठाण्यात बसली, पीआर पणाला लावलं, पण तुमचं नाव तिने घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच तिला सगळं सांगितलं.

या केसने काय शिकवलं, असं लोक विचारतात. तपासाचं म्हणाल तर भरतीचं वेळापत्रक बघायला शिकवलं. बाकीचं मला कोणी शिकवायला नको होतं. ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. शंका घेणारे डोळे कसे असतात हे मी गावात सोसलेलं आहे. तरी वर्दी चढवली आणि तेच डोळे मी एका पोरीवर रोखले. आज मी मेलबर्नच्याच टार्निट उपनगरात मुलाकडे राहतो. इथे आपली नवी मुलं येतात, ओळखीपाळखीत कोणी त्यांच्याबद्दल वाकडं बोललं की मी गप्प बसत नाही. भांडकुदळ म्हातारा म्हणतात मला. म्हणू देत.

समजपत्रं गेली त्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी मला सुट्टी होती. साधे कपडे घालून, माझी स्वतःची गाडी घेऊन मी कालव्यावर गेलो. तिला आधीच म्हणालो होतो, डबे कौन्सिलच्या डेपोत पोचवतो. ती म्हाताऱ्याच्या अंगणात नळावर कॅन भरत होती. तो दारात उभा होता, आत जावं की बाहेर यावं हे त्याला सुचत नव्हतं. ती त्याला इंग्रजीत म्हणत होती, "पाणी मी रोज इथेच भरणार. तुम्हाला नळ बंद करायचा असेल, तर माझ्यासमोर बंद करा."

त्याने मान हलवली. नळाला हात लावला नाही.

मी कुंपणाशी थांबलो आणि म्हणालो, "जयभीम."

कॅन काठोकाठ भरेपर्यंत तिने मला तसंच उभं ठेवलं. मग नळ बंद केला, झाकण लावलं, आणि म्हणाली, "जयभीम, काका. डबे सहा आहेत. तीन तुम्ही घ्या, तीन मी घेते."