आज मुलं आतच

पद्मिनी बोकारे नागपूरला शाळेत शिकवायची. अमेरिकेत, श्रूजबरीत, वर्क परमिट हातात पडेपर्यंत तिचा मुलगा कॉलेजला गेला होता, आणि पोरांच्या गलक्याशिवाय तिला करमत नव्हतं. म्हणून तिने जवळच्या प्राथमिक शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम धरलं.

कडाक्याची थंडी असली की मुलांची रिसेस, म्हणजे खेळायची सुट्टी, कॅफेटेरियातच व्हायची. अशा दिवशी पद्मिनी एका टेबलावर अष्टाचंगाचा पट मांडायची. मुलं भोवती गर्दी करायची. दुसरीतली उर्वी तर तिला खेटूनच बसायची आणि कवड्या पडल्या की "चंगा!" म्हणून किंचाळायची. पद्मिनीला ते दिवस फार आवडायचे.

मग त्याच कामावर प्रीता आली. इथेच अमेरिकेत, पिस्कॅटवेत वाढलेली, तिशीतली, पायात कायम स्नीकर्स. ती मुलांबरोबर किकबॉल, म्हणजे पायाने मारायचा बेसबॉल, खेळायची, पडायची, उठून पळायची. बाहेरच्या रिसेसला सगळी तिच्यामागे, उर्वीसुद्धा. पद्मिनी भिंतीशी हात बगलेत घालून उभी राहायची.

"मुलांपेक्षा हिलाच खेळायचं असतं," ती घरी नवऱ्याला म्हणाली.

"मग चांगलंच आहे की," रवींद्र म्हणाला. ती संध्याकाळभर त्याच्याशी धड बोलली नाही.

सकाळी उठल्या उठल्या ती फोनवर तापमान बघू लागली. जितकी थंडी जास्त, तितका तिचा मूड छान.

जानेवारीत एके दिवशी मुलांना बाहेर सोडावं की नाही, कळू नये अशी हवा होती. दारावरची ड्यूटी पद्मिनीची, म्हणून प्रिन्सिपल मिसेस डॉयलनी तिलाच विचारलं, "बाहेर कसं वाटतंय?"

ती पायरीवर जाऊन उभी राहिली. ऊन होतं. वारा जेमतेम. आत येऊन ती म्हणाली, "वारा फार बोचतोय. आज मुलं आतच राहू देत."

मुलांनी मोठ्याने "ऑऽऽ" केलं. पद्मिनीने पट मांडला. उर्वी आली खरी, पण तिचा एक डोळा खिडकीकडेच होता. तेवढ्यात प्रीता बाहेरून जेवणाच्या ट्रेमध्ये बर्फ भरून घेऊन आली, खाण्याचा निळा रंगही होता तिच्याकडे. "कमॉन, कोणाला पेंग्विन करायचाय?"

टेबल रिकामं झालं. उर्वी कवड्या हातात तशाच घेऊन पळाली.

पद्मिनी पट आवरू लागली. इतक्या लहान पोरांवरून आपण असं जळतो, याची तिला लाज वाटली. पण म्हणून जळणं थांबलं नाही. प्रीता हसत जवळ आली. "मावशी, बाहेर इतकी थंडी नव्हती हं. तुम्हाला बरं वाटत नव्हतं का?"

"मला ठणठणीत बरं वाटत होतं," पद्मिनी म्हणाली. "बाहेर गेलं की सगळी तुझी होतात. म्हणून म्हटलं आत."

प्रीताचं हसू मावळलं. "ओह," एवढंच म्हणून ती ट्रेकडे परत गेली.

दुसऱ्या दिवशी हवा तशीच होती. मिसेस डॉयलनी पुन्हा विचारलं. पद्मिनी म्हणाली, "जाऊ देत बाहेर. ऊन आहे."

मैदानावर ती भिंतीकडे वळली, तोच प्रीताने हाक मारली. आवाजात कालचा मोकळेपणा नव्हता. "मावशी, अंपायर नाहीये आमच्याकडे. बेसजवळ उभ्या राहाल?"

पद्मिनी गेली. तिला नियम नीट माहीत नव्हते. उर्वीने घाईघाईत इंग्रजीत समजावले. थोड्या वेळाने प्रीताने बॉलला लाथ मारली आणि धावली. ती आणि बॉल बेसवर जवळजवळ एकदमच पोचले.

"आउट!" पद्मिनी ओरडली.

"काय हे मावशी! सेफ होते मी!"

"आउट म्हणजे आउट."

मुलं टाळ्या पिटत नाचायला लागली. प्रीता कपडे झटकत बाजूला झाली. ती खरंच आउट होती का, हे पद्मिनीला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. पण त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिला बाहेर बरं वाटत होतं.